कानसेन आणि चारातले दोन

जावई आणि सासरे यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांत सव्वा किलोमीटरचं अंतर होतं. जावई तेव्हा अजून जावई झालेला नव्हता. आपली तिसऱ्या हातावरची, मूळ रंग कोणता यावर जाणकारांत मतभेद असलेली गाडी घेऊन तो मुलीच्या बापाला भेटायला निघाला होता आणि धीर गोळा करायला पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर थांबला होता. इंजिन चालूच होतं. तिकडे गॅरेजात एका ट्रकच्या पोटाखाली उताणे पडलेले सासरे हातातला पान्हा थांबवून म्हणाले, "कोणीतरी येतंय. तीन नंबरचा सिलिंडर मेलाय त्याचा."

ही हकीकत सासूबाई सांगतात. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांना सांगितली तेव्हा हे अंतर साडेतीनशे मीटर होतं. त्यानंतर दर वर्षी त्यांनी त्यात शंभर मीटरची भर घातली आणि यंदा लग्नाला नऊ वर्षं झाली.

पुढचं मात्र जावयालाही मान्य आहे. तो गॅरेजच्या दारात उतरला, तेव्हा त्याचं नाव, गाव, पगार यांपैकी काहीही कोणी विचारलं नाही. सासऱ्यांनी सरळ बॉनेट उघडलं, हातभर लांब लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. चेहरा असा झाला की बाजूच्या बाकावरची दोन गिऱ्हाइकं आदराने उठून उभी राहिली. मग प्लग निघाला. तो कोळशासारखा काळा होता. नवा बसला, इंजिन सुरू झालं, आणि आजवर आपण ज्याला गाडीचा स्वभाव समजत होतो तो तिचा आजार होता, हे त्या तरुणाला कळलं.

"हं," हात पुसत सासरे म्हणाले, "आता बोला. काय काम काढलंत?"

त्याने आठ दिवस घोकलेला परिच्छेद तोंडातून निघेना. त्यातला एकच शब्द निघाला. "मुलगी."

सासूबाईंच्या म्हणण्यानुसार यावर त्यांनी सळईचं टोक त्या पोराच्या छातीला टेकवून पाच मिनिटं ऐकलं. जावयाच्या आठवणीत ती पाच मिनिटं नसून पंधरा सेकंद होती, पण सळई होती याबद्दल वाद नाही. निकालही दोघांना सारखाच आठवतो. "धडधड जास्त आहे. पण चारी चालू आहेत. घेऊन टाका."

या माणसाला बाजारात कानसेन म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर ग्रीस उडून उडून त्यातली तीनच अक्षरं उरली होती आणि त्यांतलं एकही कोणाला लागत नव्हतं. चौतीस वर्षं हा गृहस्थ इंजिनं ऐकत आला होता. रस्त्याने गाडी गेली, की मालकाने ऑइल किती महिने पुढे ढकललंय ते हे चहाचा कप खाली न ठेवता सांगत. त्याच कानांना स्वयंपाकघरातून आलेली हाक मात्र ऐकू येत नसे. "वायरिंग ठीक आहे," सासूबाई म्हणत, "बटणच बंद आहे."

कानसेनांचं जगात कोणाशी वैर नव्हतं, एक मेलेला सिलिंडर सोडून. इंजिनात चार सिलिंडर असतात, चौघांनी मिळून गाडी ओढायची असते, हे त्यांच्या दृष्टीने यंत्रशास्त्र नव्हतं, नीतिशास्त्र होतं. ते समजावून सांगत, "चौघांनी मिळून जड कपाट उचललंय. त्यातला एक जण नुसता हात लावून चालतोय. लांबून बघणाऱ्याला वाटतं चौघं उचलतायत. पण उरलेल्या तिघांना विचारा." असा हात लावून चालणारा सिलिंडर पकडून त्याला कामाला लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. नातेवाइकांची वर्गवारीही ते याच पद्धतीने करत. थोरला मेहुणा जन्मापासून तीन नंबर. धाकटी बहीण थंडीत सुरू होत नाही, पण एकदा तापली की थांबत नाही. जावई पहिल्या दिवशी पास झाला होता खरा, पण त्याचा व्यवसाय कळल्यावर कानसेन काही काळ विचारात पडले होते.

जावई मुद्रितशोधक होता. त्यातही पुस्तकांचा नाही. औषधाच्या डबीत घडी घालून कोंबलेला जो लांबलचक पातळ कागद असतो, गोळी काढताना जो आधी बाहेर येतो आणि पुन्हा आत जात नाही, त्याची प्रुफं तो तपासत असे.

"ते वाचतं कोण?" कानसेनांनी विचारलं होतं.

"मी," जावई म्हणाला होता.

"तुम्ही सोडून."

जावयाने प्रामाणिकपणे विचार केला आणि आणखी एक चहा मागितला.

कानसेनांची लेक, म्हणजे जावयाची बायको, वेगळ्या धातूची होती. ती दोन वर्षं बाहेर राहून गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स शिकून आली आणि येताना एक स्कॅनर घेऊन आली. रबरी कवचातली पाटीएवढी स्क्रीन आणि तिला एक केबल. केबल स्टिअरिंगखाली खोचली की गाडी आपले सगळे अपराध आकड्यांत कबूल करायची. बापाला ज्याला वीस मिनिटं आणि डोळे मिटून धरलेली शांतता लागे, ते काम ती दोन मिनिटांत, फोनवर बोलता बोलता उरकायची. गॅरेजात दोन पक्ष पडले. तरुण गिऱ्हाइकं तिच्याकडे जात. म्हातारी गिऱ्हाइकं कानसेनांकडे जात आणि मग खात्री करायला हळूच तिच्याकडे जात. दुपारी डबा खायला येणारा जावई दोन्ही पक्षांना मान डोलावत असे. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासरा, आणि पोळी मधोमध. अशा वेळी माणूस तत्त्वाला चिकटत नाही, भाजीला चिकटतो.

"बाबा, कानांचंही वय होतं," ती कधी कधी म्हणायची.

"तुझ्या पाटीचं चार्जिंग संपलंय," कानसेन म्हणायचे. आणि ते खरंच संपलेलं असायचं.

असं गोडीगुलाबीने चाललं असताना डॉक्टरबाईंची गाडी आली.

डॉक्टरबाई मोठ्या रुग्णालयात भूल द्यायच्या. सतत कुठेतरी वेळेत पोहोचायचं असल्यासारख्या त्या बोलत, चालत आणि विशेषतः गाडी चालवत. गाडी परदेशी बनावटीची, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या हातावर घेतलेली, चार सिलिंडरची, गोजिरवाणी. तक्रार काहीच नव्हती. ऑइल बदलायचं होतं.

ऑइल बदलून झालं. रिवाजाप्रमाणे कानसेन गाडी घेऊन गावाबाहेरच्या सरळ सपाट रस्त्यावर एक फेरी मारायला गेले. परत आले ते चेहरा पाडून. आजारी नातेवाइकाला बघून आल्यासारखे ते स्टुलावर बसले.

"दोन आणि तीन," ते म्हणाले.

"काय दोन आणि तीन?" लेकीने विचारलं.

"मरतायत. दोन्ही एकदम. किलोमीटरभर मेलेले राहतात आणि पाय दाबला की दोन्ही एकदम जिवंत. असलं मी चौतीस वर्षांत ऐकलेलं नाही."

लेकीने केबल खोचली. दोन मिनिटं झाली. "काहीही नाही, बाबा. एक दोष नोंदलेला नाही. मिसिंगचा आकडा शून्य."

"मग पाटीला सांग, रस्त्यावर चल."

दोघं रस्त्यावर गेले. कानसेन हात वर करून "आता मेले" म्हणत, लेक स्क्रीनकडे बघून "शून्य" म्हणे. "आता आले." "शून्य." तिला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. गाडी तर लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. परत आल्यावर तिने आवाज मऊ ठेवला, आणि इथेच बिघडलं, कारण बापाला तिचा चढलेला आवाज चालायचा, मऊ नाही.

"बाबा, एकदा कान दाखवून येऊ या का?"

गॅरेजात तीन गिऱ्हाइकं होती. बाकावरचं वर्तमानपत्र हळूच खाली आलं. कानसेन उठले, सळई उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शनिवारपर्यंत या गाडीतला दोष मी काढून दाखवतो. नाही दाखवला, तर ही सळई भिंतीवर टांगायची. मग गाडी तपासायची ती तूच. मी तिकडे चाव्या टांगतात त्या फळीपाशी बसेन आणि लोकांना चाव्या देईन."

"बाबा, असं काही म्हटलं नाही मी."

"मी म्हटलं."

तो मंगळवार होता.

बुधवारी कानसेनांनी दोन आणि तीनचे प्लग काढून एक आणि चारला लावले, एक-चारचे दोन-तीनला. दोष प्लगमध्ये असेल तर तो प्लगबरोबर जागा बदलेल, असा हा जुना न्याय. दोष जागचा हलला नाही. दोन आणि तीनच मरत राहिले. गुरुवारी सकाळी ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची अदलाबदल झाली, दुपारी इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची. दोन आणि तीन. "हे सिलिंडर संगनमताने वागतायत," ते जावयाला म्हणाले. आयुष्यात त्यांना कामचुकार एकएकटे भेटले होते. संघटना प्रथमच भेटत होती.

डॉक्टरबाईंचा फोन आला. गाडी ऑइल बदलायला टाकली होती, तिचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. कानसेनांनी सांगितलं, आत गंभीर आहे, कदाचित इंजिनाचं हेड उघडावं लागेल.

"पण तिला काही त्रास आहे का?" बाई म्हणाल्या. "मला तर काही जाणवलं नाही."

"तुम्हाला जाणवणार नाही, बाई. ते लपवतायत."

"लक्षणं नसताना पोट उघडायचं म्हणजे जरा जपून," बाई म्हणाल्या आणि घाईत असल्यामुळे फोन ठेवला.

घरी सासूबाईंनी आपल्या परीने कानांची तपासणी सुरू केली. त्या स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात काहीबाही बोलत आणि बाहेर काही हलतं का बघत. "नळ गळतोय" याला उत्तर आलं नाही. "तुमच्या बहिणीचा फोन होता" याला नाही. "दूध संपलंय, आणायला जाता का" याला तर अजिबात नाही. मग त्या कुजबुजल्या, "माझ्या थोरल्या भावाने नवी गाडी घेतली म्हणे," आणि बाहेरून ताबडतोब आवाज आला, "कुठली?"

"कान ठीक आहेत," सासूबाईंनी मुलीला फोनवर कळवलं.

पण कानसेनांना स्वतःला ते पटेनासं झालं होतं, आणि हे फक्त जावयाने पाहिलं. शुक्रवारी दुपारी तो डबा घेऊन गेला तेव्हा बायको सुटे भाग आणायला गेली होती आणि सासरे मागच्या बाजूला त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीपाशी वाकले होते. इंजिन चालू होतं, सळई कानाला होती. एका कानाने ऐकून झालं की दुसऱ्याने ऐकत. मग पुन्हा पहिल्याने. ही गाडी त्यांनी तीनदा उघडून बसवलेली होती. तिच्या पोटातला खिळा न खिळा त्यांना पाठ होता. माणूस आरशात जसा स्वतःचाच चेहरा पुन्हा पुन्हा तपासतो तसं ते ऐकणं होतं.

जावयाला बघून ते सरळ झाले. "ऑइल बघत होतो," म्हणाले. सळईने कोणी ऑइल बघत नाही हे जावयालाही माहीत होतं. त्याने डबा बाकावर ठेवला.

"जावईबापू," थोड्या वेळाने ते म्हणाले, "जे नाही ते ऐकू यायला लागलं, तर त्याला काय म्हणतात? तुमच्या त्या कागदांवर असतं का काही?"

असतं. चक्कर आणि तोंड कोरडं पडणं यांच्या मधे असतं, निदान चाळीस औषधांच्या कागदांवर. "सहसा थोडे दिवस राहतं आणि जातं," जावई म्हणाला. कागदावर तसंच छापलेलं होतं.

"नाही गेलं तर?"

"डॉक्टरांना कळवा, असं लिहिलेलं असतं."

कानसेन हसले नाहीत. "चला एक फेरी मारू," ते म्हणाले. "उद्या हेड उघडायचं. त्याआधी एकदा ऐकतो. तुम्ही नुसते शेजारी बसा. बोलू नका."

जावई डॉक्टरबाईंच्या गाडीत शेजारी बसला. बोलायचं नाही म्हटल्यावर मुद्रितशोधक एकच गोष्ट करू शकतो. त्याने समोरचा कप्पा उघडला. आत हातमोजे, टोलच्या पावत्या, आणि त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंडही न उघडलेलं, गाडीचं माहितीपुस्तक होतं. तीनशे बारा पानं, मराठी भाषांतराची. पहिल्या मालकाने ते वाचलं नव्हतं, डॉक्टरबाईंनी वाचलं नव्हतं. बायकोकडे स्कॅनर होता आणि सासऱ्यांकडे कान, त्यामुळे गॅरेजात चौतीस वर्षांत कोणी कुठल्याही गाडीचं वाचलं नव्हतं. जावयाला भरून आलं. त्याने खिशातून पेन्सिल काढली.

सपाट रस्ता आला. कानसेन पुटपुटले, "मेले." जावयाने एकविसाव्या पानावर स्वल्पविराम दिला. "आले." चौसष्टाव्या पानावर 'मागील' दोनदा छापलं होतं, एक उडवलं. "मेले." आता मुद्रितशोधकाची वाचायची एक रीत असते. तो अक्षरं वाचतो, अर्थ नाही. अर्थाकडे लक्ष गेलं की चुका निसटतात. त्यामुळे एकशे सत्त्याऐंशीव्या पानावरचं वाक्य त्याने अगदी व्यवस्थित तपासलं, त्यातला एक अनुस्वार जागेवर आणला आणि पुढे गेला. पुढे टायरमधल्या हवेबद्दल होतं. हवेच्या तिसऱ्या ओळीवर असताना मागच्या पानाचा अर्थ येऊन पोहोचला.

त्याने पान मागे उलटलं.

"बाबा."

"बोलू नका म्हटलं ना."

"बाबा, गाडी बाजूला घ्या."

कानसेनांनी गाडी बाजूला घेतली. जावयाने वाचून दाखवलं, औषधाचा कागद वाचावा तशा सपाट आवाजात. इंजिन पुरेसं तापलेलं असेल, वेग स्थिर असेल आणि ॲक्सिलरेटरवर भार कमी असेल, तेव्हा इंधन वाचवण्यासाठी सिलिंडर क्रमांक दोन व तीन आपोआप बंद केले जातात. या सिलिंडरांच्या झडपा मिटून राहतात, त्यांना इंधन व ठिणगी मिळत नाही. ॲक्सिलरेटर दाबताच चारही सिलिंडर पूर्ववत काम करू लागतात. हा बदल चालकास जाणवत नाही.

बाजूने एक टेम्पो गेला. त्याच्या एक नंबरचं काय चाललंय हेही कानसेनांनी सांगितलं नाही.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

जावयाने पुन्हा वाचलं.

"शेवटचं."

"हा बदल चालकास जाणवत नाही."

"चालकास," कानसेन म्हणाले, आणि त्यांचा मंगळवारपासून पडलेला खांदा एक इंच वर आला. मग त्यांना बाकीचा अर्थ लागला आणि संताप आला. "म्हणजे मुद्दाम? कंपनी स्वतःहून बंद करते? चौतीस वर्षं मी यांना उठवतोय, आणि हे लोक पगार देऊन झोपवतायत?"

"पेट्रोल वाचवायला."

"अहो, पण दोघांना ओझं आणि दोघांना रजा, यात वाचतं कसं?"

हे एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर चौकटीत दिलं होतं. हलक्या कामाला चौघं लावले तर चौघंही अर्धवट, अडखळत काम करतात आणि बरीच ताकद नुसती हवा आत ओढण्यात घालवतात. त्यापेक्षा दोघांनी भरपूर काम करावं आणि दोघांनी तोंड मिटून बसावं, ते स्वस्त पडतं. बसलेल्यांच्या पोटात कोंडलेली हवा दाबली जाते, पुन्हा फुगते, घेणं नाही देणं नाही.

कानसेनांनी यावर स्टिअरिंगला हात टेकून बराच विचार केला. "कपाट रिकामं असेल तर दोघं पुरे," ते शेवटी नाइलाजाने म्हणाले. "तेवढं मान्य. पण बसताना सांगायची रीत आहे की नाही?"

गॅरेजात परतल्यावर जावयाने पुस्तक बायकोपुढे उघडं धरलं. तिने वाचलं आणि ती लाल झाली.

"हे शिकवलं होतं आम्हाला," ती म्हणाली.

"मग?"

"आठ सिलिंडरच्या मोठ्या गाड्यांत असतं म्हणून शिकवलं होतं. चार मार्कांना होतं. मी ऑप्शनला टाकलं." थोडं थांबून म्हणाली, "चारवाल्यातही करतात हे मला काय माहीत. आणि दोष नाहीच ना तो, बाबा. स्कॅनर काय दाखवणार?"

"मी कधी म्हटलं स्कॅनर खोटं बोलतो?" कानसेन म्हणाले. स्कॅनर खोटं बोलतो हेच ते मंगळवारपासून रोज म्हणत होते. "प्रश्न माझ्या कानांचा होता."

"मग तो पूर्ण सोडवू या," ती म्हणाली. बापाचीच लेक ती. "गाडीच्या स्क्रीनवर कुठेतरी दिसत असणार किती सिलिंडर चालू आहेत. पुस्तक बघून तुम्ही अंदाज मारला असं कोणी उद्या म्हणायला नको."

शनिवारी सकाळी डॉक्टरबाई गाडी न्यायला आल्या तेव्हा त्यांना चालकाच्या जागी बसवण्यात आलं, पण गाडी काही त्यांच्या ताब्यात मिळाली नाही. शेजारी जावयाची बायको. तिने पुस्तकात बघून स्क्रीनची पानं उलटली. बाईंनी दोन वर्षं फक्त घड्याळाचं पान पाहिलं होतं. मागे कानसेन, डोळ्यांवर टोपी ओढून, वर सासूबाईंचा रुमाल बांधून. त्यांच्या शेजारी जावई, कागद आणि पेन्सिल घेऊन. दोन बंद पडले असं ऐकू आलं की कानसेनांनी हात वर करायचा, आले की खाली. बायकोने स्क्रीन बघून गुपचूप वेळ टिपत मोजायचं. जावयाने प्रत्येक हाताची वेळ घालून कागदावर खूण करायची.

सपाट रस्त्यावर पहिले सहा किलोमीटर हात वर गेलाच नाही. जावयाने कोऱ्या कागदाला समास आखला.

"चारी चालू आहेत," टोपीखालून आवाज आला. "बाईंना घाई आहे."

बाई शंभरच्या पुढे होत्या, आणि पाय असा दाबून ठेवला होता जणू ऑपरेशनच्या टेबलावर कोणी अर्धं जागं झालं होतं.

"पाय हलका ठेवा, बाई."

"हा हलकाच आहे."

"अजून हलका. कुठेही जायचं नाही असं समजा."

बाईंनी प्रयत्न केला. त्यांना ते जमत नव्हतं हे मानेवरून मागेही दिसत होतं. पण हळूहळू पाय सुटला, वेग ऐंशीवर स्थिरावला, आणि कानसेनांचा हात शांतपणे वर गेला. वर राहिला. एक चढ आला, हात खाली. उतार, हात वर. टोपीखालचा चेहरा असा होता की जावयाने खुणा करता करता एकदा नुसतं बघत राहायचं ठरवलं आणि एक खूण जवळजवळ हुकली. वीस किलोमीटर असं चाललं. समोरून येणाऱ्या गाड्यांना मागच्या सीटवर डोळे बांधलेला एक म्हातारा शिक्षकाच्या प्रश्नाचं उत्तर येत असल्यासारखा हात वर करून बसलेला दिसत होता.

"स्क्रीनवर सत्तावीस," परत आल्यावर बायको म्हणाली.

"हात अठ्ठावीस," जावई म्हणाला.

"एक जास्त आहे."

"एक तुझ्या स्क्रीनने खाल्ला," रुमाल सोडत कानसेन म्हणाले. "पुलाच्या अलीकडे. पडले आणि लगेच उठले. ती उशिरा सांगते."

खरंच उशिरा सांगत होती का, यावर त्या घरात अजून एकमत नाही. पण सत्तावीसच्या सत्तावीस जागा जुळल्या होत्या. लेकीने सळई उचलून स्वतः बापाच्या हातात दिली. "टांगायची नाही कुठे," म्हणाली. कानसेनांनी सळई घेतली आणि नाक पुसायला दुसरीकडे वळले. त्यांच्या हातात अजून सासूबाईंचाच रुमाल होता.

डॉक्टरबाईंना मात्र वेगळंच लागलं होतं. "म्हणजे माझी गाडी पेट्रोल वाचवते, आणि मला माहीत नव्हतं?"

"वाचवू शकते," कानसेन म्हणाले. "पुस्तकात शंभर लिटरमागे पाच-सहा लिटर लिहिलंय. पण ते पाय हलका असणाऱ्याचे. तुमच्या हातात ती दोन वर्षांत एकदाही झोपलेली नसणार, बाई. तिला पहिली झोप मी दिली."

"लोकांना मी रोज झोपवते," बाई म्हणाल्या, "आणि माझ्याच गाडीला…" पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या गाडी घेऊन गेल्या. कोपऱ्यावरून वळेपर्यंत चारी सिलिंडर ठणठणीत जागे असल्याचं सगळ्यांनाच ऐकू आलं.

पैज कोणीच हरलं नव्हतं, त्यामुळे जेवताना तह झाला. लेखी झाला, कारण जावई हजर होता, आणि त्याने त्यात दोन दुरुस्त्या केल्या. प्रत्येक गाडी आधी स्कॅनरकडे जाईल. स्कॅनरने निर्दोष ठरवलेली, पण मालकाला तरीही काहीतरी ऐकू येणारी प्रत्येक गाडी कानसेनांकडे. तिथे त्यांचा शब्द शेवटचा, आणि लेकीने मऊ आवाजात बोलायचं नाही.

त्या कलमाखाली पुढच्या वर्षभरात अकरा गाड्या आल्या. सातांच्या डिकीत पाण्याची बाटली लोळत होती, तीन गाड्यांना काहीच झालेलं नव्हतं, आणि एक चुकून आली होती, तिला टायर बदलायचे होते.